वाटेवरचे प्रश्न : लासनचा रटरटता चिखल आणि आपला काळा दगड

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले की कॅलिफोर्नियात ज्वालामुखीचा मुलूख जवळून बघायचा असेल तर लासनला जा, आणि त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. मेल, व्हॉट्सॲप, गिरगावातून एक चक्क पोस्टकार्ड. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेते.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं (मी ६७, सौ. ६३) जुलैत मुलाकडे फ्रीमाँटला जातोय, तीन महिने राहू. योसेमिटी आणि ग्रँड कॅन्यन मागच्या खेपेला झालं. तुम्ही लिहिलेल्या लासनला आमच्या ओळखीतलं कुणीच गेलेलं नाही. मुलगा म्हणतो एका दिवसात जाऊन येऊ. सौ.चे गुडघे दुखतात, चढण झेपत नाही. एवढा वेळ गाडीत बसून जाण्यासारखं तिथे काही आहे का?
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : काका, जा. पण एका दिवसात नको, मुलाला माझा निरोप सांगा की निदान एक मुक्काम कर, कारण जायला चार-साडेचार तास, यायला तेवढेच, म्हणजे सगळा दिवस गाडीतच जाणार आणि हे पार्क गाडीच्या काचेतून बघण्यातलं नाहीच मुळी.

लासन व्होल्कॅनिक नॅशनल पार्क उत्तर कॅलिफोर्नियात आहे, कॅस्केड डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला. १९१६ साली ते नॅशनल पार्क झालं, म्हणजे शंभरी उलटून गेली, तरी योसेमिटीला वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास माणसं जातात आणि इथे त्याच्या साधारण दहावा हिस्सा. मला तरी त्याचं कारण सरळ दिसतं, मोठी शहरं लांब आणि वर्षातले सात-आठ महिने पार्कातला मुख्य रस्ता बर्फाखाली. हे बर्फाचं नीट लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा गेले ती मे अखेरीला, भाचीबरोबर, खाली रेड ब्लफ गावात चाळीशीचं ऊन आणि वर गेलो तर व्हिजिटर सेंटरच्या पुढे रस्ता बंद, दोन्ही बाजूला माणसाहून उंच बर्फ. तिथली रेंजर बाई इतक्या आपुलकीने म्हणाली की जुलैनंतर या, पण मन खट्टू व्हायचं ते झालंच. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये परत गेले तेव्हा कुठे सगळं बघून झालं. तुम्ही जुलैत पोचताय तर जुलैचा शेवट ते सप्टेंबर यातले दोन दिवस धरा, आणि निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर रस्ता चालू आहे ना आणि वणव्याचा धूर नाही ना एवढं मुलाला बघायला सांगा. धुराचं उगीच म्हणत नाही, २०२१ च्या डिक्सी वणव्यात या पार्कचा निम्म्याहून जास्त भाग पोळला, आजही मैलच्या मैल काळे बुंधे उभे दिसतात आणि त्यांच्या पायाशी नवी हिरवळ.

आता गुडघे. काकूंना मुळीच हॉटेलवर बसवून ठेवू नका. दक्षिणेकडच्या गेटने, म्हणजे रेड ब्लफवरून हायवे ३६ ने आत शिरलात की व्हिजिटर सेंटर लागतं, त्याचं नाव कोम याह-मा-नी, तिथल्या डोंगरी मायडू लोकांच्या भाषेत लासन शिखराचं हे नाव, अर्थ हिमपर्वत. तिथून गाडीने दोन-तीन मिनिटं पुढे गेलं की सल्फर वर्क्स. इथे डोंगर चढायचा नाही, पायऱ्या नाहीत, रस्त्याला लागून फुटपाथ आणि फुटपाथला लागून उकळता चिखल. आपण घरी पिठलं करतो ना, आच मोठी राहिली की ते कसं रटरटतं, एक जाड बुडबुडा वर येतो, फुगतो, फट्‌ करून फुटतो आणि शिंतोडे कडेला उडतात, अगदी तस्सं, फक्त रंग राखाडी आणि कढई एखाद्या खोलीएवढी. आवाजही तोच. मी कठड्याला टेकून किती वेळ उभी होते मला आठवत नाही, भाची दोनदा हाक मारून गेली. कडेची माती पिवळी, भगवी, कुठे पांढरी खडूसारखी, ते सगळं गंधकाचं आणि आम्लाचं काम, वाफेतलं आम्ल दगडाला कुरतडून कुरतडून त्याची माती करतं आणि तीच माती त्या खड्ड्यात शिजत राहते. वास सडक्या अंड्याचा येतो, पाच मिनिटांत नाक सरावतं. काकूंना दमा असेल तर मात्र वारा ज्या बाजूला वाफ नेतोय त्या बाजूला उभं राहू नका.

पुढे हाच रस्ता घाट चढून ८,५१२ फुटांवर जातो. कळसूबाई ५,४०० फूट, म्हणजे बघा, गाडीतून न उतरता तुम्ही कळसूबाईच्या कितीतरी वर असता. त्यामुळे उतरल्यावर सावकाश चाला, पाणी पीत राहा, धाप लागली तर घाबरू नका पण थांबा. वाटेत लेक हेलन नावाचं तळं लागतं, जुलैतसुद्धा त्यात बर्फाचे तुकडे तरंगतात, निळा रंग असा की फोटोत येत नाही. हेलन ब्रॉड्ट नावाची बाई १८६४ साली लासन शिखर चढली, तिकडच्या गोऱ्या बायकांत पहिली, तिचं नाव या तळ्याला दिलंय. त्या काळचे ते लांब झगे घालून ती त्या दगडांतून कशी चढली असेल हे मला अजून उमगत नाही.

मग उत्तरेकडे उतरताना डिव्हॅस्टेटेड एरिया, नावच उद्ध्वस्त प्रदेश. सपाट छोटी वाट, काकू आरामात चालतील. १९१५ च्या मेमध्ये लासन शिखराचा उद्रेक झाला, तेव्हा शिखरावरचा बर्फ तापलेल्या दगडांनी वितळून जो चिखलाचा लोंढा आला तो इथून गेला, आणि त्याबरोबर वाहून आलेले घराएवढे दगड अजून तिथे आहेत. सगळ्यात शेवटी मॅन्झानिटा लेक, तळ्याभोवती साधारण तीन किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट, पाण्यात शिखराचं प्रतिबिंब. याच तळ्याजवळून १९१४ च्या जूनमध्ये लूमिस नावाच्या फोटोग्राफरने उद्रेकाचे एकामागून एक फोटो काढले, तिथे त्यांच्या नावाचं म्युझियम आहे, ते फोटो बघा आणि मग बाहेर येऊन तोच डोंगर बघा. मला त्या क्षणी अंगावर काटा आला होता.

मुक्काम रेडिंगला करा, पार्कपासून तास-सव्वा तास, हॉटेलं भरपूर.

प्रश्न : शाकाहारी जेवणाचं काय? आणि मोबाइलला रेंज मिळते का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : जेवण बरोबर न्या. मेथीचे ठेपले, दशम्या, चटणी, दही-भात, जे टिकेल ते. आत खायला थोडंफार मिळतं पण त्यावर दिवस काढू नका. आणि खाणं गाडीत उघड्यावर किंवा टेबलावर सोडून जाऊ नका, तिथे अस्वलं आहेत. रेंज बहुतेक ठिकाणी नाही, मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करा, पेट्रोल बाहेरच्या गावात भरून घ्या.

प्रश्न : आमची दोन मुलं, ९ आणि १२ वर्षांची. धाकटा एका जागी ठरत नाही. बंपस हेल नावाची जागा तिथली सगळ्यात भारी असं वाचलं, पण नावातच नरक आहे. मुलांना न्यावं का?
— एक आई, ठाणे

उत्तर : न्या, पण धाकट्याचा हात धरून, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय. तुमच्या धाकट्याला आधी त्या नावाची गोष्ट सांगा. बंपस नावाचा एक माणूस त्या भागात फिरायचा, १८६०च्या दशकात त्याला ही जागा सापडली. तो लोकांना दाखवायला घेऊन जायचा, जागा त्याला पाठ, सगळ्यांना सांगायचा की इथे जपून चाला. आणि त्याचाच पाय वरच्या पातळ पापुद्र्यातून आरपार खाली उकळत्या चिखलात गेला. इतका भाजला की तो पाय पुढे कापावा लागला. माहीतगार माणसाची ही गत.

त्याचं कारण समजून घ्या, म्हणजे मुलांना समजावता येईल. दुधावर साय धरते ना, वरून घट्ट दिसते आणि बोट लावलं की आत जातं, तिथली जमीन काही ठिकाणी तशीच आहे. वर वाळलेली पांढरी-पिवळी खपली, खाली उकळतं पाणी, ते पाणीसुद्धा आम्लाचं. बघून कळत नाही. म्हणून पार्कवाल्यांनी फळ्यांची वाट बांधलीय, कठड्यासकट, त्या फळीवरून पाय खाली ठेवायचा नाही म्हणजे नाही, फोटोसाठी नाही, टोपी उडाली म्हणून नाही, दोन पावलांसाठीसुद्धा नाही. मी होते तेव्हा एक बाप पोराला खांद्यावर घेऊन कठड्यावर वाकून सेल्फी काढत होता, मला राहवलं नाही, मी जाऊन सांगितलं.

एवढं पाळलंत तर यासारखी जागा नाही. जाऊन-येऊन साधारण पाच किलोमीटर चाल, बारा वर्षांच्या मुलाला काहीच नाही, नऊ वर्षांचा परतीच्या चढाला थोडा कुरकुरेल. शेवटच्या वळणावर आधी आवाज येतो, कुकरच्या दहा शिट्ट्या एकदम होतायत असा, मग वास, आणि मग अख्खं खोरं समोर उघडतं, मध्ये हिरवट-निळं पाणी, कडेने सोनेरी-भगव्या उतरणी आणि सगळीकडून वाफा. बिग बॉयलर नावाचा वाफारा तिथेच आहे, त्याच्या वाफेचं तापमान १६१ अंश सेल्सिअसपर्यंत मोजलं गेलंय. मुलांना विचारा की पाणी तर शंभरला उकळतं, मग वाफ १६१ कशी? विचार करू दे त्यांना जरा. आणि त्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे उघडं पाणी शंभरला नाही, ९२-९३ लाच उकळतं, हेही सांगा.

एक करा, सकाळी नवाच्या आत पार्किंगला पोचा, नंतर जागा मिळत नाही.

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जिऑलॉजी. लासन जिवंत ज्वालामुखी आहे म्हणतात, मग लोकांना आत कसं सोडतात? आणि आपला दख्खनचा दगडही लाव्हाचाच, मग आपल्याकडे असे सुळक्यासारखे ज्वालामुखी का नाहीत?
— एक विद्यार्थिनी, अंधेरी

उत्तर : किती छान प्रश्न! तुझं पुस्तकी उत्तर तुझ्या सरांकडून घेच, मी स्वयंपाकघरातलं देते.

पाक कर. एकतारी पाक ताटात ओतला तर पसरतो, ताट भरून जातं, उंची काही धरत नाही. तोच गोळीबंद होईपर्यंत आटवला आणि ओतला तर जिथल्या तिथे ढीग होऊन बसतो. आपला काळा दगड, म्हणजे बसाल्ट, हा एकतारी पाक, त्यात सिलिका (वाळूत असतो तो घटक, याने लाव्हा घट्ट होतो) कमी, म्हणून पातळ, आणि तो एका तोंडातून नाही तर जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला, पुन्हा पुन्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि थरावर थर पसरत गेला. आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास तो शिल्लक आहे. रेल्वेने कर्जत-खंडाळा जाताना डोंगराच्या कड्यांना ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ना, ते एकेक थर. लासन शिखराचा दगड डेसाइट, सिलिका भरपूर, गोळीबंद पाक. साधारण २७,००० वर्षांपूर्वी तो जमिनीतून घट्ट गोळ्यासारखा वर ढकलला गेला आणि तोंडाशीच बसला, बाटलीच्या बुचासारखा. १०,४५७ फुटांचं ते शिखर म्हणजे अख्खं बूच आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. घट्ट पाकातून हवा सुटत नाही, म्हणून असे ज्वालामुखी वाहत नाहीत, फुटतात.

आणि शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, तयारच का होतो तर तिथे समुद्राच्या तळाचं गोर्डा नावाचं भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा) उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतंय, ते जाताना आपल्याबरोबर पाणी नेतं, खोलवर ते पाणी सुटतं आणि वरच्या तप्त खडकात मिसळून त्याचा वितळायचा बिंदू खाली आणतं. मिठाने बर्फ वितळतो तसंच जवळजवळ. आपल्याकडे तसं काही सरकत नव्हतं, आपला उष्मा खालून, खोल आतून आला. पार्कात तुला ढाल, शंकू, थराथरांचा आणि बुचाचा असे ज्वालामुखीचे चारही प्रकार एकाच आवारात बघायला मिळतात, जिऑलॉजीवाल्यांना यासाठीच ते पार्क इतकं प्रिय. कधी गेलीस तर ईशान्येकडचा सिंडर कोन चुकवू नकोस, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा काळा राखेचा ढीग, चढताना दोन पावलं पुढे एक पाऊल मागे, वाळूसारखी खडी घसरते, पण माथ्यावरून खाली रंगीत राखेच्या टेकड्या दिसतात तेव्हा सगळा शीण जातो.

सोडतात कसे म्हणशील तर, शेवटचा मोठा उद्रेक २२ मे १९१५ चा. त्याआधी वर्षभर, ३० मे १९१४ पासून, तो डोंगर वाफ आणि राख टाकत होता, आणि मोठ्या स्फोटात राखेचा लोट ३०,००० फुटांवर गेला. १९१७ पर्यंत धुगधुगी चालू होती. मोठ्या उद्रेकाआधी जमीन सहसा हलते, फुगते, वायूंचं प्रमाण बदलतं, आणि आज तिथे भूकंपमापक आणि जमिनीची हालचाल टिपणारी यंत्रं चोवीस तास चालू आहेत, १९१४ साली यातलं काहीच नव्हतं. तू बघशील तो उकळता चिखल म्हणजे बर्फाचं वितळलेलं पाणी खाली जाऊन तापून वर येतं, तो काही लाव्हा नव्हे. आज तिथे खरी भीती आहे ती उद्रेकाची नाही, वाट सोडण्याची.

प्रश्न : तुम्ही अमेरिकेचं लिहिता, वाचायला छान वाटतं. पण मी निवृत्त शिक्षक, चाळीत राहतो, मला काही तिकडे जाणं जमायचं नाही. मुंबईत असलं काही बघण्यासारखं आहे का?
— पोस्टकार्डावरून, गिरगाव

उत्तर : गुरुजी, तुमचं पोस्टकार्ड मी टेबलावर ठेवून हे लिहितेय, आणि खरं सांगते, या सगळ्या पत्रांत मला तुमच्याच पत्राला उत्तर द्यायची सगळ्यात घाई होती. आहे ना, का नाही! लासनहून परत आल्यावर आठ दिवसांत मी पहिली कुठे गेले असेन तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला. मी गोरेगावची, पंचवीस वर्षं तिच्या बाजूने बसने गेले-आले, कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

मेट्रोने आझाद नगर किंवा डी. एन. नगरला उतरा, रिक्षाला गिल्बर्ट हिल सांगा. वस्तीच्या गल्लीतून वळलात की एकदम समोर काळी भिंत उभी राहते, सुमारे २०० फूट, सरळ उभ्या खांबांची, जणू कुणी पेन्सिली जुडीने उभ्या करून बांधल्यात. लाव्हा जाड साचला आणि सावकाश थंड झाला की आकसतो, आकसताना त्याला भेगा पडतात, उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळला की पडतात तशाच, फक्त या भेगा खोल खोल आत जातात आणि दगडाचे खांब होतात. असे खांब बघायला लोक कॅलिफोर्नियात डेव्हिल्स पोस्टपाइलला जातात, वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवरला जातात, तिथे मोठी पार्कं आहेत, माहितीफलक आहेत. आपल्याकडे भोवती खाणीने खाल्लेला डोंगर आणि त्याला चिकटलेल्या इमारती. मला याचं फार वाईट वाटतं. आहे तेवढं तरी मुंबईकराने जाऊन बघावं. कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर गावदेवीच्या देवळापर्यंत जाता येतं, सावकाश चढा, संध्याकाळी पाचनंतर जा. खाली असताना त्या खांबाला हात लावून बघा, दिवसभराच्या उन्हाने तो रात्र होईपर्यंत कोमट असतो.

तुमच्या घरी जुना पाटा असेल तर तोही हाच दगड, गुरुजी. पाट्याला टाकी लावणाऱ्या बायका दारावर यायच्या ते तुम्हाला आठवत असेल. डोंगरातल्या ज्या दगडाला बारीक बारीक भोकं असतात ती लाव्हातून सुटलेल्या वायूची, कधी त्यात पांढरे स्फटिक भरलेले सापडतात.

तुमच्या घरापासून फार लांब नाही अशी वरळीची टेकडी. तिथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले, १८४७ साली लंडनला रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. म्हणजे एक थर आला, निवला, त्यावर पाणी साचलं, डबकी झाली, त्यात बेडूक ओरडायला लागले, आणि मग कधीतरी पुढचा थर आला. वरळी नाक्यावरून बस गेली की मला आता तेच आठवतं.

जमिनीतून येणारं गरम पाणी बघायचं असेल तर वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची गरम कुंडं आहेत, तानसा नदीच्या काठाला. ती ज्वालामुखीची नव्हेत हं, पावसाचं पाणी जमिनीच्या भेगांतून खूप खोल जाऊन तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं, गंधकाचा वास मात्र तोच, लासनला माझ्या नाकात तो गेला तेव्हा मला पहिल्यांदा आजीबरोबरची वज्रेश्वरीची जत्राच आठवली होती.

आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क तुमच्या सवडीने एकदा कराच, कान्हेरीची शंभरावर लेणी सगळी याच लाव्हाच्या दगडात कोरलेली आहेत, पावसाळा संपता संपता गेलात तर कातळातल्या पाण्याच्या टाक्या, शिलालेखात त्यांना पोढी म्हटलंय, काठोकाठ भरलेल्या असतात. फक्त सोमवारी जाऊ नका, पार्क बंद असतं.